मेलितामाईला थंडी वाजते

प्रभूचं नाव घ्या मंडळी, आणि एवढं सांगा. संतांचं बोलणं ऐकायचं, की त्याचा अर्थ लावायचा? काय म्हणता, दोन्ही? हुशार आहात! मग ऐका.

फार जुनी कथा. सुरिया देशातलं डोंगरावरचं गाव. गावाच्या वर एका गुहेत मेलितामाई राहायची. मोठ्या घरची लेक, पण ख्रिस्तासाठी घरदार सोडलेलं, होतं नव्हतं ते वाटून टाकलेलं. अंगावर एक घोंगडी तेवढी राहिली. एकदा तापानं फणफणलेल्या पोराला तिनं त्या घोंगडीत गुंडाळलं. ताप उतरला — झालं! गाव लोटलं. ज्याला त्याला घोंगडीचा तुकडा हवा. कुणी दाराला बांधला, कुणी बाळाच्या गळ्यात, आणि एकानं तर — हसू नका — दूध न देणाऱ्या गाईच्या शिंगाला! माई कुणाला नाही म्हणेना.

हिवाळा आला तेव्हा हातभर चिंधी उरली होती. तीही मागायला रूफाबाई आल्या, गावच्या ख्रिस्ती मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, गायस यांची बायको. माईनं दिली. दात कडकड वाजत होते तिचे. जन्मात कुणापुढे हात पसरला नव्हता, जीभ रेटेना. तरी म्हणाली, "रूफाबाई, मला थंडी वाजते. घरात जुनी वाकळ असेल तर धाडता का?"

रूफाबाईंच्या डोळ्यांत पाणी! केवढं गूढ वचन! धावत घरी गेल्या, नवऱ्याला सांगितलं. गायसवडिलांनी डोळे मिटले. म्हणाले, थंडी म्हणजे आपला थंडावलेला विश्वास. आणि जुनी वाकळ म्हणजे — बायबलातला जुना करार! रविवारी त्यावर प्रवचन झालं. लोक ढसाढसा रडले. वाकळ पेटीतच राहिली.

इकडे माई वाट बघतेय. पायवाटेवर पावलं वाजली की उठून बसायची. येणारा पाया पडून विचारायचा, माई, आणखी एखादं वचन?

"बाबा, मला खरंच थंडी वाजते."

वा, म्हणायचा तो, आणि डोळे पुसत उतरून जायचा.

एका सकाळी ती गारठून मेलेली सापडली. मग मात्र शाली निघाल्या! रेशमी काय, जरीच्या काय! इतक्या चढल्या, की उचलणाऱ्यांना घाम फुटला.

माना काय डोलावताय? आता कुणीतरी विचारणार, बुवा, या कथेचा अर्थ काय? अर्थ नाही हो! बाईला थंडी वाजत होती. आणि तुम्ही अर्थ विचारता.

तिकडे दाराबाहेर, पायरीवर, एक म्हातारी मघापासून कुडकुडत बसली आहे. आत जागा आहे का, म्हणून तिनं तुमच्यातल्या दोघांना विचारलेलं मी इथून पाहिलं. आता वळून तिच्याकडे बघत बसू नका. सरका जरा.