बाथरूमच्या खिडकीतलं घुबड

दाताच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या कंडक्टरला शेजारच्या दोघी बहिणींचं बोलणं ऐकण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता.

"ताई, बाथरूमच्या खिडकीत घुबड बसलंय, हे पक्ष्यांच्या ग्रुपवर टाकलंस तरी कशाला?"

"अगं, पंख दुखावला होता त्याचा. फोटो टाकला, तर कुठल्या कुठल्या गावच्या डॉक्टरीणबाईंनी काय करायचं ते सांगितलं. जगलं बिचारं!"

"आणि पत्ता?"

"तो फोटोबरोबर आपोआप गेला. आमच्या ग्रुपची माहिती बाकीच्या ग्रुपांनाही जाते म्हणे. दुसऱ्या दिवशी समोरच्या गच्चीवर ही गर्दी! सगळ्यांच्या दुर्बिणी माझ्या बाथरूमवर!"

"अगं बाई! मग काढून टाकायचं ना!"

"आमच्याकडनं काढलं, बाकीच्यांकडे राहिलं. मला आंघोळ करायची चोरी!"

"मग?"

"मग काय, सगळ्यांना वरच बोलावलं. चहा टाकला. एकाने माझा गळका नळ दुरुस्त करून दिला."

"आता तरी गेलं ना घुबड?"

"गेलं, बरं होऊन उडालं. मंडळीही यायची थांबली. घर नुसतं खायला उठतं गं."

"मग हे काय टाइप करतेस? दाखव बघू. ताई! 'घुबड परत आलं'? धडधडीत खोटं?"

"हळू बोल. पाठवलं पण."

कंडक्टरच्या खिशात मोबाइल टिंगकन वाजला. त्याने तो काढून मेसेज वाचला आणि गाल सांभाळत ताईंकडे वळला.

"माझ्या चहात साखर जरा कमी घाला हं. दाताचं असं झालंय ना!"