जबाब राहिलेली हाक

बसा मंडळी. हुसेनभाईच्या घरच्यांनो, धारूरच्या बाजारकरांनो, आज त्यांना जाऊन चाळिसावा दिवस. समोरच्या दुकानातला तांबट म्हणून दोन शब्द बोल म्हणालात. मला भांडं ठोकता येतं, बोलता येत न्हाई. पण आज बोलणं भाग हाय. माझा एक गुन्हा हाय.

हुसेनभाई जवानीत मुंबईला गेले आन् जहाजावर बत्तीवाले झाले. म्हातारपणी परत आले ते पितळेच्या दोन बत्त्या घेऊन. आपल्या निजामाच्या मुलखात समुद्र कुठला? लोक हसले. त्यांनी दाराच्या डाव्या अंगाला तांबड्या काचेची टांगली, उजव्या अंगाला हिरव्या काचेची. मी इचारलं, "कावून हो?" म्हणाले, "गणपत, अंधारात समोरच्या जहाजाला यावरूनच कळतं, आपलं तोंड कुणीकडं हाय. न्हाईतर टक्कर." आन् पितळच कावून? तर खारं पाणी लोखंड खातं म्हणून.

जहाजावरचा रिवाज त्यांनी इथंबी सोडला न्हाई. दिवेलागणीला बत्त्या पेटवायचे आन् हाक द्यायचे, "बत्ती बराबर!" मी दुकानातून म्हणायचं, "सुन लिया!" मगच ते घरात जायचे. जबाब आल्याबिगर बत्तीवाल्यानं जागा सोडायची न्हाई, असा तिथला कायदा. बारा वर्सं मी जबाब दिला.

त्या दिवशी नेकनूरचं एक गिऱ्हाईक दुकानात बसलं होतं. हाक ऐकून ते हसलं. "हे काय येड हाय बे?" मला शरम वाटली. मी गप बसलो. हुसेनभाईंनी पुन्हा हाक दिली. तिसऱ्यांदा दिली, हळू. मी खाली मान घालून घागर ठोकत राहिलो.

सकाळी ते बत्त्यांखालीच बसलेले सापडले. अंग गार. जागा सोडली नव्हती.

मंडळी, तवापासून त्या बत्त्या कुणी पेटवल्या न्हाईत. त्यांच्या लेकाला इचारा. पण रोज दिवेलागणीला मी हात लावून बघतो. पितळ तापलेलं असतं. माझी सारी उमर पितळेत गेली, माझा हात फसायचा न्हाई. मग हाक येते. तीच, हळू.

आधी लई भ्यालो. आता भीती गेली. आता जबाब ओठावर येतो आन् मी तो गिळतो. कावून? जबाब दिला की हुसेनभाई जातील. मला ते जायला नको हायेत. पण आपल्या मायेपायी माणसाला किती दिवस दारात अडवून ठिवायचं?

दिवेलागण झालीच हाय. आता सगळे जरा गप राहू. हाक आली तर कुणी उठू नका, कुणी जबाब देऊ नका. तो मला देऊ द्या.