बाबांचा चांगला गुडघा

…नाही, पण मी तिथं करते तरी काय, तुम्हीच सांगा! डॉक्टर नाही, नर्स नाही, बिलं फाडणारी नाही. पेशंटला आमच्याच हातून इजा होऊ नये, एवढं बघायचं, ही माझी हॉस्पिटलातली नोकरी! मी वॉर्डात दिसले की सिस्टर एकमेकींना कोपरानं ढोसतात, "आली बाई! हात धुतेयस असं दाखव!" ओली फरशी दाखवली तर वॉर्डातले मामा म्हणतात, "मॅडम, काही झालं का? नाही ना!" सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवू नका म्हटलं तर औषधं देणारा हसतो, "काही झालं का? नाही ना!" अहो, झाल्यावर येऊन मी काय हार घालू?

तर तुम्हाला सांगते, आमच्या बाबांचा उजवा गुडघा कामातून गेला. बदलायचा ठरला, तोही आमच्याच हॉस्पिटलात. आता आमच्याकडे नियम असा, की ज्या पायाचं ऑपरेशन त्याच्यावर आदल्या दिवशी पेनानं बाण काढायचा, आणि सुरी लावायच्या आधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव आणि बाजू मोठ्यानं म्हणायची. हा नियम कोणी आणला? मी! भांडभांडून आणला!

बाबांनी काय करावं? सकाळी आंघोळीत तो बाण साबणानं घासून काढला! "डॉक्टरांपुढं असला घाणेरडा पाय घेऊन जाऊ?" लख्ख! मग आत, कंबरेखाली बधिर पण टक्क जागे, सिस्टर विचारते, "आजोबा, डावाच ना?" आणि आमचे बाबा म्हणजे… डॉक्टर-सिस्टरला उलट बोलायचंच नाही! "हो हो!" आता थांबून नाव-बाजू म्हणायची, तर सर्जनसाहेब म्हणाले, "अरे, मॅडमचे वडील! यांना काय विचारायचं? चला!" म्हणजे बघा… नियम माझा, आणि माफ कोणाला, तर माझ्याच बापाला!

मी बाहेर, दाराच्या काचेला नाक लावून. बघते तर डाव्या गुडघ्याला औषध फासून तयार! चांगल्या गुडघ्याला हो! दार ढकललं आणि ओरडले, "थांबा!" तर साहेब मास्कमधून काय म्हणाले माहितीये? "मॅडम, काही झालं का अजून? नाही ना! मग किंचाळता कशाला?"

शेवटी उजवाच बदलला. झकास झाला. साहेब अजून माझ्याशी बोलत नाहीत. आणि बाबा? काठी टेकत घरभर हिंडतात, आल्यागेल्याला सांगतात, "डॉक्टर म्हणजे देवमाणूस! फक्त आमची लेक ऐन वेळी आत येऊन आरडाओरडा करून गेली. लाजेनं मेलो मी! काय गं, काही झालं असतं का?"

खरं सांगितलं तर त्यांच्या डोळ्याला डोळा लागेल का पुन्हा? भीतीनंच खचतील. "नाही बाबा," म्हटलं, "काही झालं नसतं." जन्मभर ज्या वाक्याशी भांडले, ते माझ्याच तोंडून निघालं! ते खूश. दुपारी जेवून मस्त घोरतात, आणि मी समोर बसून त्या डाव्या गुडघ्याकडे बघत राहते.

आई म्हणते, "तुला गं काय धाड भरलीय?"

मला? मला कुठं काय! काही झालं का? नाही ना!