कढई भंगारात देऊ नका

बेअरिंगला कान नसतात, आत्या, हे मी आजही म्हणतो. तव्यावर टाकलेला एक थेंब तडतडला, म्हणजे तेलात पाणी राहिलंय, म्हणून अख्खी कढई परत चुलीवर? गिऱ्हाईक दारात ताटकळायचं आणि तू मला म्हणायचीस, "बेअरिंगला नसतील, तुला आहेत ना? मग ऐक."

माफ करा. सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, आणि आमच्या तेलशेडमधले सगळे काका-मावश्या, आधी तुम्हाला नमस्कार करायला हवा होता. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे क्रम चुकतो. मी लांब आहे, म्हणून हे भाषण धाकटी बहीण वाचते आहे. तिनं मध्येच हसू नये.

एरंडाचं तेल आटवून यंत्रांचं वंगण करण्यात आत्याचं वय गेलं. आज तिला निरोप. आता संस्था तयार वंगणाची पिंपं आणणार, चूल विझणार. तक्रार कुणाकडे करायची? सगळेच दमलेत.

मी इथं झाडं कापतो. संध्याकाळी खांदे असे भरून येतात की बूट काढायचंही जिवावर येतं. नदीकाठच्या जंगलात करवतीच्या साखळीला खनिज तेल चालत नाही, पाण्यात उतरतं. बियांचंच लागतं, आणि ते सीलबंद डब्यातून येतं. परवा नवा डबा फोडला. हात आपसूक गेला, एक थेंब करवतीच्या तापलेल्या सायलेन्सरवर टाकला आणि वाकून उभा राहिलो.

मुकादम ओरडला, "काय चाललंय?"

म्हटलं, "ऐकतोय."

काल फोनवर कढईचं विचारलं, तर आत्या म्हणाली, "नेऊ दे त्यांना. मला आता उचलवत नाही रे." आत्या, तुला उचलायला सांगितलंय कुणी?

अध्यक्षसाहेब, भंगारवाला उद्या येणार आणि अठरा हजार देणार, असं कळलं. मला इथं फार दिवस निघतील असं वाटत नाही. हे चारचौघांत सांगायचं नव्हतं, पण बहिणीनं वाचलंच आता. परत आलो तर हाताशी काहीतरी असावं. कढई आत्याच्या परसात पालथी ठेवा, पाणी साचू देऊ नका.

तुम्ही तिला एवढा मान दिलात, आभारी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर लहान समजून पोटात घाला. भंगारवाल्याला नाही म्हणून सांगा. मी वीस हजार पाठवतोय.