हलकी चाकं

डहाणूच्या एसटी स्टँडवर वापीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी एक नवरा-बायको. नवऱ्याच्या मांडीवर सायकलचं सुटं चाक.

"रुचिता, उचलून बघ. जड आहे की नाही?"

"चाकाएवढं आहे."

"वापीच्या दुकानातली नवी चाकं याच्यापेक्षा चारशे ग्रॅमने हलकी आहेत. झरीच्या चढाला आमच्या सायकल ग्रुपमधला विपुल माझ्या पुढे निघून जातो तो या जड चाकांमुळेच."

"विपुल चढताना सोबत काय घेतो?"

"पाण्याची बाटली."

"आणि तू?"

"बाटली. आणि तुझ्या आईने दिलेले चिकू."

"किती?"

"पाच किलो. नको म्हटलं की त्या सहा करतात."

"अरे परेश, मग घोलवडला आईकडे थांबतोस कशाला? सरळ पुढे जायचं."

"त्यांचा डबा परत द्यायचा असतो ना!"

"डबा दारातूनच द्यायचा आणि निघायचं."

"दारातून? त्यात लाडू कोण भरतं? तूच ना?"

"मग आईचा डबा रिकामा पाठवू?"

"बघ! त्याही तेच म्हणतात. जावयाच्या हाती रिकामा डबा कसा देऊ? लग्नापासून तो डबा मी एकटा वाहतोय."

"बरं. चाकं खरंच हलकी आहेत?"

"पिसासारखी."

"मग घे."

"खरंच?"

"घे ना. आईकडे लोणच्याची चिनीमातीची बरणी कधीची पडून आहे. न्यायला कुणी मिळत नव्हतं."