तीन फायनल

मी मोठा हजरजबाबी दुकानदार, असं तुम्ही म्हणता ना? मग हेही ऐका.

दोन हजार चौदाचा फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता. मरीन परेडच्या माझ्या दुकानात जर्सींचा ढीग. आमच्याच ब्लॉकमधली नऊ वर्षांची ईरा आईबरोबर आली, हातात वही.

"काका, शाळेत नेदरलँड्सच्या टीमची हिस्टरी सांगायचीय. तुम्हाला माहितेय?"

आता गल्ल्यावर बसून 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हा आमचा वडिलांपासूनचा शिरस्ता. ते तीनदा फायनलला गेले, एवढं एका गिऱ्हाइकाकडून कानावर आलं होतं. पुढचं मी जोडून दिलं.

"अगं, तीन फायनल, तीन कप! लिही बिनधास्त."

पोरीनं सुबक अक्षरात लिहून घेतलं. वर आईनं नारिंगी जर्सीही घेतली.

चार दिवसांनी ईरा पुन्हा दारात, इथल्या पोरांच्या सिंगापुरी इंग्रजीत सुरू.

"काका, दे लॉस्ट ऑल थ्री, लाह! वर्गात एक डच मुलगा आहे, त्यानंच उभं राहून सांगितलं. सगळे हसले."

माझी मान वर होईना. तरी दुकानदाराची जात, आधी स्वतःचीच काळजी.

"टीचरनी विचारलं असेल ना, कुणी सांगितलं म्हणून?"

"हो."

"मग? माझं नाव घेतलंस?"

"नाही. म्हटलं, माहीत नाही."

चाळीस वर्षांत मला जे दोन शब्द जमले नाहीत, ते त्या पोरीनं माझी अब्रू झाकायला वापरले.