गाडी लावाले गेलेला पोरगा

भूपेंद्र : मंग माय, शनवारी जामसांवलीच्या मारुतीले तू खरंच रडून राहिली होती का?

पंचफुला : रडू कायले? मोतीबिंदू काढल्यापासून या डोळ्यातून पाणी येते. उन्हात बसली की येतेच.

भूपेंद्र : तेच पाणी तिथं भेटलेल्या त्या पोरीनं मोबाइलात घेतलं. अन् वरतून लिहिलं, 'पोटच्या पोरानं आईला मारुतीच्या पायरीवर सोडून दिलं.' मागं बासरी लावली.

पंचफुला : बासरी चांगली हाय.

भूपेंद्र : दोन लाख लोकाइनं पाह्यलं, माय.

पंचफुला : सौंसरात एवढे लोक कुठी हायत?

दामिनी : सौंसरचेच नाही, आई. माझ्या मावशीनं पांढुर्ण्याहून फोन केला, 'दामिनी, सासू सापडली का?' मी म्हटलं, सासू घरात बसून वांगे चिरून राहिली.

भूपेंद्र : एकानं लिहिलं, असा पोरगा होण्यापरीस दगड झाला असता तं बरं.

पंचफुला : दगड रडत नाही. तू रातभर रडे.

भूपेंद्र : तुले मजाक सुचते. दुकानात गिऱ्हाईक येते, साबण मांगते, अन् माह्या तोंडाकडे पाह्यत राहते. आज भगवंतराव म्हणे, 'घरात जागा कमी पडत असंन तं सांगजो.' बाबाचे दोस्त ते. त्याइले बी खरं वाटलं.

दामिनी : म्हणून म्हणते, आपणही एक व्हिडिओ टाकू. आई, तुम्ही फक्त जे झालं ते सांगा.

(दामिनी मोबाइल समोर धरते.)

पंचफुला : मी पंचफुला. रामाकोन्याची लेक, सौंसरची सून. हा माहा पोरगा भूपेंद्र. यानं मले सोडलं नाही. गाडी लावाले गेला होता. मी पायरीवर बसली. ऊन आलं, तं सरकली. मंग अजून ऊन आलं. उठून पाह्यलं तं हा गाडीवरच बसला होता, मोबाइल पाह्यत. एकटाच हासून राहिला होता. म्हटलं, पाहू दे. घरी कुठी हासते.

भूपेंद्र : दामिनी, बंद कर. गाडी लावाले गेला, तिथवर ठेव. बाकीचं काप.

पंचफुला : काप, बाबा. त्या पोरीनं बी कापलंच. तिनं पुसलं, आजी, संगं कोनी नाही का? मी म्हटलं, हाय न, पोरगा हाय. तेवढंच नाही दिसत त्याच्यात.

दामिनी : कापू का मग?

भूपेंद्र : नोको. पुरा टाक.

दामिनी : लोक अजून बोलतील.

भूपेंद्र : बोलू दे. निदान झालं त्याच्यावर तं बोलतीन. ... माय, ती पोरगी कितीक टाइम होती तुह्यापाशी?

पंचफुला : तू येईपर्यंत होती. आपल्या बाटलीतलं पाणी देल्लं. माहेर कोनतं पुसलं, गुडघे दुखते का पुसलं. तिले वाईट काही नोको लिहू, भूपेंद्र. मले बरं वाटलं होतं.